बाजार हलवावा की न हलवावा

तुळशीराम सरांना स्वतःचं असं मत कुठल्याच गोष्टीवर नव्हतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. भाईंदर स्टेशनाजवळच्या एका हायस्कुलात ते अकरावीला मराठी शिकवायचे. अकरावी म्हणजे त्या काळची मॅट्रिक, साल अडुसष्टचं. बाकीच्या शाळांतले मास्तर ‘विज्ञान शाप की वरदान’ असा निबंध घालत आणि पोरं शेवटी ‘ते माणसाच्या हातात आहे’ असं लिहून मोकळी होत. ही पळवाट सरांनी बंद केली होती. त्यांच्या वर्गात कायदा असा, की वहीच्या उजव्या पानावर एक बाजू लिहायची आणि डाव्या पानावर दुसरी, आणि दोन्ही अशा तोडीस तोड की वाचणाऱ्याने डोकं धरून बसावं. त्यातही आधी लिहायची ती उलट बाजू, म्हणजे जी आपल्याला पटत नाही ती. समोरच्याची बाजू त्याला स्वतःलाही मांडता येणार नाही इतकी चांगली मांडता आली पाहिजे, असं ते सांगत. एक पान सरस आणि दुसरं नीरस झालं तर दोन्ही पानांचे मार्क कापत.

सर मूळचे रत्नागिरीकडचे. घरीही त्यांचं हेच. आज बांगडे आणू की बोंबील, असं त्यांच्या बायकोने, मंदाबाईंनी, विचारलं की सर बांगड्याच्या बाजूने बोलायला सुरुवात करत. ते बोंबलापर्यंत येईस्तोवर मंदाबाई पिशवी घेऊन बाजारात जाऊन, कोळणीशी घासाघीस करून, जे मिळालं ते घेऊन परत आलेल्या असत. सर जे ताटात पडेल ते खात आणि दोन्ही मासे कसे श्रेष्ठ आहेत ते सांगत.

ज्या कोळणीशी मंदाबाई घासाघीस करायच्या तिचं नाव आनंदी, आणि आनंदीची मुलगी सुलू ही सरांची लाडकी विद्यार्थिनी. पटावर नाव सुलोचना. कोळीवाड्यातून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे सगळा कोळीवाडा तिच्याकडे अंबाबाईच्या मुखवट्याकडे बघावं तसं बघायचा. तिला सरांची ही पद्धत एकदम आवडली, आणि त्याला कारण होतं. कोळीवाड्यात प्रत्येकाला एकच बाजू असे आणि ती तो पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात मांडत असे. तिथे वाढलेल्या मुलीला, एकाच तोंडाने दोन गोष्टी हळू आवाजात बोलता येतात, हे कळलं तेव्हा जादू सापडल्यासारखं वाटलं. मग तिने ही जादू घरी आणली. बापाने, राघोने, वाळत घातलेलं जाळं काढायला सांगितलं, तर ते आता काढण्याचे फायदे आणि उन्हं कलल्यावर काढण्याचे फायदे तिने त्याला समजावून सांगितले. राघोने सगळं ऐकून घेतलं, जाळं स्वतः काढलं आणि आनंदीला म्हणाला, की पोरगी लई शिकली, आता हिचा काही उपयोग न्हाय.

आनंदीला मात्र कौतुक होतं. शिकलेलं माणूस असंच बोलत असणार, अशी तिची समजूत होती. ती समजूत फारशी चुकीची नव्हती हेच दुर्दैव.

त्या वर्षी धर्माजीशेठने मासळी बाजाराचा विषय काढला. हा धर्माजी ग्रामसुधार मंडळाचा अध्यक्ष. मंडळाने तोवर केलेली सुधारणा म्हणजे मंडळाच्या पाटीला दिलेला रंग. पण आता त्याच्या मनात आलं होतं, की स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर भेंडीच्या जुन्या डेरेदार झाडांखाली जो मासळी बाजार भरतो, तो तिथून उचलून मिठागरांच्या पलीकडे, खाडीच्या टोकाला न्यावा. मंडळाने ठराव करायचा आणि तो वर पाठवायचा. वर त्याचं वजन होतं.

त्या बाजारात आनंदीची जागा पहिली. स्टेशनाकडून येणाऱ्या माणसाची पहिली नजर तिच्या पाटीवर पडायची. तिच्या आधी तिथे तिची सासू हौसाबाई बसायची, आणि हौसाबाईने ती जागा भांडून, शिव्या देऊन आणि एकदा तर एकीच्या अंगावर मासे धुतलेलं पाणी ओतून राखली होती. कोळीवाड्यात कोणाकडे शेत नव्हतं. आनंदीचं शेत म्हणजे तो फळकुटाएवढा तुकडा. बाजार खाडीच्या टोकाला गेला तर मुंबईहून दमून आलेला कारकून पावशेर करंदीसाठी चिखल तुडवत तिथवर जाणार नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणं आलं, आणि आनंदीच्या गुडघ्याने तर उंबरा चढतानाच रडायला सुरुवात केली होती. जागा गेली तर घर राघोच्या होडीवर आणि सुलूची शाळा देवावर, असा तो सरळ हिशेब होता.

नेमका हाच विषय सरांनी सुलूला निबंधाला दिला. विषय ताजा आहे, म्हणाले, आणि तुझ्या माहितीतला आहे. एखाद्याच्या घराला आग लागली असता त्याला ‘अग्नी’ या विषयावर लिहायला सांगावं, तसला हा प्रकार. पण सरांच्या चेहऱ्यावर निर्मळ आनंद होता. बाजार हलवावा की न हलवावा. उलट बाजू आधी.

सुलूने उजव्या पानावर ‘हलवावा’ लिहायला घेतलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पेन थांबेना. बाजारातली कुठली फट कुठे आहे हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? मासे धुतलेलं पाणी रस्त्यावर कसं साचतं, त्यातून जाताना माणसं धोतर कसं उचलून धरतात, खवले चपलांना चिकटून घरात कसे जातात, घारी पोरांच्या हातातला खाऊ कशा पळवतात, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार कसा होतो, सगळं तिने लिहिलं. लिहिता लिहिता एक वाक्य आलं: ‘या बाजारातून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो, आणि ज्यांच्या आया इथे बसतात ती मुले वर्गात मागचा बाक शोधतात.’ या वाक्यात एक शब्दही खोडावा लागला नाही.

मग डाव्या पानावर ‘न हलवावा’ आलं. इथे पेन अडकलं. आईला त्रास होईल. गरिबांच्या पोटावर पाय येईल. माणुसकी कुठे गेली? असं चार ओळी लिहून झालं, मग पुन्हा आईला त्रास होईल हेच वेगळ्या शब्दांत आलं. आपली बाजू आपल्याला इतकी उघड वाटत होती की तिला मुद्दे लागतात हेच सुलूला सुचलं नाही. सरांनी त्या पानाखाली लाल शाईने शेरा दिला, ‘अश्रू हा मुद्दा नव्हे’, आणि उजवं पान मात्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. रुमालाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. सुलूच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण त्या लाजेने की अभिमानाने, याच्याही तिला दोन बाजू दिसल्या. डाव्या पानासाठी कापलेले मार्क सरांनी या एका वाक्याखातर परत दिले. सरांनी आयुष्यात कायदा मोडल्याचा हा एकच प्रसंग, आणि तो नको तिथे मोडला.

आता सर त्याच दिवशी संध्याकाळी धर्माजीशेठकडे का गेले, ते पुढे येईलच. गेले, आणि बोलता बोलता वहीही दाखवली. धर्माजी वाचणाऱ्यांतला नव्हता. पण सरांनी वाचून दाखवलं तेव्हा तो पाटावरून उठून उभा राहिला. येत्या सोमवारी मंडळाची सभा आहे, तिथे या पोरीलाच वाचायला लावा, म्हणाला. कोळणीची पोर बोलल्यावर कोळणी काय बोलणार? सरांनी बजावलं, की वाचायच्या तर दोन्ही बाजू वाचल्या पाहिजेत, हे शास्त्र आहे. धर्माजी म्हणाला, दोन काय, चार वाचा.

सुलूला ही बातमी कळली तेव्हा तिला एक शंका आली आणि ती तिने विचारली. लोक पहिलीच बाजू ऐकून उठले तर? सर हसले. जो श्रोता अर्ध्यावर उठतो तो श्रोताच नव्हे, असं म्हणाले. सरांनी आजवर बघितलेले सगळे श्रोते शाळेच्या घंटेने बाकाला बांधून ठेवलेले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि सुलूच्याही नाही.

घरी तिने एवढंच सांगितलं, की सोमवारच्या सभेत मी बाजारावर बोलणार आहे. आनंदीचं तोंड उजळलं. कोणत्या बाजूने बोलणार, हा प्रश्न तिच्या डोक्यातही आला नाही. पोटची पोर दुसऱ्या कुठल्या बाजूने बोलते? दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला बातमी झाली. आमची सुलू बोलणार, सरपंचासारखी बोलणार, धर्माजीची बोलती बंद करणार. सुलूला ते कळलं. आईला खरं काय ते आधी सांगून टाकावं याला तिच्याकडे तीन मुद्दे होते आणि सांगू नये यालाही तीनच निघाले. पारडी समसमान झाली म्हणून ती गप्प बसली. सरांची शिकवण इतकी अंगी मुरली होती.

सभा देवळाच्या मंडपात ठेवली होती, सोमवारी चार वाजता. वेळ धर्माजीने विचार करून निवडली होती. सोमवारी बऱ्याच घरांत मासे नसतात, म्हणून बाजार थंड. आणि चार वाजता मासे विकत घेणारी सगळी माणसं मुंबईत आपापल्या हपिसांत फायली चाळत बसलेली. म्हणजे ज्यांचं पोट बाजारावर आहे आणि ज्यांचं ताट बाजारावर आहे, त्यांतलं ताट तरी सभेला येणार नव्हतं. आले ते मंडळाचे सभासद, निवृत्त म्हातारे आणि रस्त्यावरचे दुकानदार. त्यांच्यात किराणावाला नाथाशेठ पुढच्या खुर्चीत. सभासदांपेक्षा त्याचं ऐकणारे जास्त, कारण निम्मं गाव त्याच्याकडून सामान नेत होतं.

आणि कोळणी आल्या. सगळ्या आल्या. ठेवणीतली लुगडी, अंबाड्यात अबोली, गळ्यात जे असेल ते. त्या मंडपात पुढे जमिनीवर मांडी ठोकून बसल्या, आणि मधोमध आनंदी. सुलू उभी राहिली तेव्हा आनंदीने शेजारणीला कोपराने ढोसलं.

सुलूने वाचायला सुरुवात केली. नियमाप्रमाणे उजवं पान. आवाज छान लागला होता, सरांनी तालीमही घेतली होती. साचलेल्या पाण्यापाशी ती आली तेव्हा कोळणी अजून हसत होत्या. त्यांना वाटलं, पोर धर्माजीची नक्कल करते आहे. घारींपाशी आली तेव्हा हसणं थांबलं. शिव्यांपाशी एकीने दुसरीकडे बघितलं. मग रुमालाचं वाक्य आलं. ते तिने सरांनी शिकवल्याप्रमाणे, आधी क्षणभर थांबून, नीट वाचलं. एकही कोळीण सुलूकडे बघत नव्हती. सगळ्या आनंदीकडे बघत होत्या, आणि आनंदी समोरच्या खांबाकडे.

मागच्या खुर्च्यांतून टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत धर्माजी उठला. आनंदीबाईंची मुलगी, शिकलेली, बाजारात वाढलेली, ती स्वतः म्हणते आहे, मग आपण परक्यांनी आणखी काय बोलायचं, असं म्हणून त्याने हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. ठराव झाला. चहा आणायला माणूस पाठवला. खुर्च्या सरकायला लागल्या.

“सर, डावं पान,” सुलू म्हणाली.

सर मंडपाच्या छताकडे बघत होते. त्याचं असं आहे सुलोचना, ते म्हणाले, एका दृष्टीने ठराव झालेला आहे. दुसऱ्या दृष्टीने पाहिलं तर, आणि इथे त्यांना दुसरी दृष्टी सापडेना. जन्मात पहिल्यांदा सापडेना. त्यांनी तिला हळूच सांगितलं, की आता बस, निबंधात पहिला नंबर तुझाच.

सुलूने डावं पान डोळ्यांखालून घातलं. आईला त्रास होईल. माणुसकी कुठे गेली? हे वाचून दाखवलं असतं तर चहा पिता पिता लोकांनी च्च च्च केलं असतं आणि बशी खाली ठेवली असती. आईची जागा गेली होती, आणि ती तिच्या सुवाच्य अक्षरात गेली होती. आणि तेवढ्यात तिला आठवलं, की सरांनी शिकवलेलं एक काम तिने अजून केलंच नव्हतं. समोरचा जो आहे त्याची बाजू तिने मांडलीच नव्हती. तिने वही मिटली.

अजून एक बाजू राहिली आहे, ती मोठ्याने म्हणाली. धर्माजीच्या हातात कप आला होता आणि मन प्रसन्न होतं. बोलू द्या पोरीला, म्हणाला, आपल्याच बाजूची आहे.

“धर्माजीकाकांची बाजू कोणी मांडलीच नाही,” सुलू म्हणाली. “ते मोठे आहेत, स्वतःच्या तोंडाने सांगायचे नाहीत. म्हणून मी सांगते. काकांनी बाजाराच्या मागे दुमजली चाळ बांधलीय. आयुष्याची कमाई घातलीय. पण तिच्या खिडक्या बाजारावर उघडतात, म्हणून खोल्या बघायला आलेली माणसं जिन्यावरूनच परत जातात. एका माणसाचं एवढं नुकसान होत असताना चार कोळणींनी तिथेच बसायचा हट्ट धरावा, हे बरोबर आहे का?”

मागे कोणीतरी हसलं. धर्माजीने कप खाली ठेवला. सुलूचा चेहरा मात्र सरस्वतीपूजनाला उभी राहिल्यासारखा गंभीर होता, आणि ती तालीम केल्याप्रमाणे थांबत थांबत पुढे बोलत गेली. चाळीच्या खाली गाळे काढले आहेत. त्यांतल्या मोठ्या गाळ्यात काकांचा पुतण्या महिपत किराणा मालाचं दुकान टाकतो आहे. बाजार उठला, की खोल्या भरतील, आणि भरलेल्या खोल्यांतली माणसं जिना उतरून महिपतकडेच जातील. इतर दुकानांपर्यंत चालायचे त्यांचे कष्ट वाचतील. चुलत्याने पुतण्याचा विचार करू नये, असं कुठल्या धर्मात सांगितलं आहे?

नाथाशेठचा कप ओठांपाशी पोचला होता तो तिथेच राहिला. “महिपत किराणा टाकतोय?” त्याने धर्माजीला विचारलं. “मला तर गोडाऊन म्हणाला होतास.”

धर्माजी म्हणाला, की पोरीला काय कळतं, वाचन झालं, आता बस. पण सुलूची एक बाजू अजून उरली होती आणि तिने ती सोडली नाही. तुळशीराम सरांचीही बाजू आहे, ती म्हणाली. सर इतकी वर्षं गटाराकाठच्या एका खोलीत राहतात. मॅट्रिकला शिकवणाऱ्या माणसाला थोडा वारा नको? काकांनी त्यांना नव्या चाळीतली कोपऱ्याची खोली देऊ केली आहे. त्या खोलीत मासळीचा वास यायला नको म्हणून सरांनी माझ्या निबंधावर एवढी मेहनत घेतली. हे त्यांनी मला स्वतः कधी सांगितलं नाही, हाही त्यांचा मोठेपणाच.

हे तिला कुणी सांगितलं, हे मंडपात फक्त दोघांना कळलं, सरांना आणि आनंदीला. मासे साफ होईपर्यंत गिऱ्हाइणीला दुसरं काम नसतं. ती पाटीसमोर उभी राहून घरातलं सगळं सांगते. मंदाबाईंनी कोपऱ्याच्या खोलीचं, तिच्या मोठ्या खिडकीचं आणि खाली व्हायच्या महिपतच्या दुकानाचं आनंदीला कौतुकाने सांगितलं होतं, आनंदीने ते घरी सुलूला. सर छताकडून जमिनीकडे बघायला लागले.

पुढचं सगळं नाथाशेठने केलं. सुलूला आणखी बोलावंच लागलं नाही. बाजार उठला तर संध्याकाळी या रस्त्याने येणार कोण, असं त्याने सायकलवाल्याला विचारलं, सायकलवाल्याने भाजीवाल्याला, आणि मासळीच्या वासाने ज्यांचं डोकं सकाळपासून दुखत होतं त्यांचं बघता बघता थांबलं. मासळी म्हणजे गावाची शोभा, असंही एकजण बोलून गेला. ठराव पुन्हा मताला टाका अशी ओरड झाली. वर गेलेले हात खाली आले, आणि ठरावाविरुद्ध जे वर गेले त्यांतले निम्मे तेच होते. शेवटी अब्रू राखायला म्हणून विषय ‘सखोल विचारार्थ’ एका समितीकडे गेला. त्या समितीची बैठक झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. बाजार भेंडीखाली राहिला.

सर जाता जाता सुलूजवळ आले. पहिला भाग उत्तम होता, म्हणाले, शेवटचा थोडा अवांतर झाला. तरी समोरच्याची बाजू तू फारच छान मांडलीस, हे त्यांना सांगितल्यावाचून राहवलं नाही. मास्तर म्हणून माणूस प्रामाणिक होता. घोटाळा एवढाच, की तो आणखी कशातच नव्हता. कोपऱ्याची खोली त्यांना मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोळणींनी सुलूला गराडा घातला. गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आम्ही घाबरलेलो ग बाय, त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं पोर उलटली, पण तू तर धर्माजीला गळाला लावायला आधी आमिष टाकलंस. सुलूला हे स्पष्टीकरण फार आवडलं. तिने ते नाकारलं नाही. तिला वाटायला लागलं, की आपण खरोखर तसंच ठरवलं होतं.

आनंदी त्या घोळक्यात नव्हती. ती चपला शोधून पुढे निघाली होती. सुलूने तिला मिठागराच्या बांधावर गाठलं. मीठ ओढणारी माणसं घरी निघाली होती, आणि बांध अरुंद असल्यामुळे मायलेकींना एकीमागे एक चालावं लागत होतं. आनंदी एकेक पाऊल जपून टाकत होती. गुडघा दुखत असणार, असं सुलूने मनाशी ठरवलं.

“पयला जो कागद वाचलास,” आनंदीने मागे न बघता विचारलं, “तो मास्तरनी सांगितलेला?”

“विषय सरांनी दिला. लिहिलं मी.”

“त्यातला रुमालाचा?”

“ते मीच. पण आये, ती उलट बाजू होती. तुझी डाव्या पानावर होती. उलट बाजू आधी लिहायची असते, आपल्याला पटत नसली तरी. तसा नियम आहे. आणि शेवटी जागा राहिली ना आपली?”

“राहिली. ती तुझ्यामुळं राहिली, ते मी कुठं न्हाय म्हणतंय?” आनंदी थांबली. बांधावर वळायला जागा होती तिथे वळली आणि लेकीकडे तोंड करून उभी राहिली. “लोक नाकाला रुमाल लावतात, ते मना ठाव हाय. रोज बघतंय. त्यांच्यावर मी कधी रागावलं न्हाय. धर्माजीची बाजू तू चांगली बोललीस, पन ती बोलताना तुझ्या डोळ्यांत हसू होता. माझी बाजू त्या वहीत लिवलेली, ती तुझ्यानं वाचवलीबी न्हाय. पन तो रुमाल आला तवा तुझा आवाज घशात आला. मी तुझी आय हाय. मना कळतं.”

“सरांनी तिथे थांबायला सांगितलं होतं.”

“मास्तर मरू दे. मी तुना इचारतंय. माझी लाज वाटतं तुना?”

सुलूने ओठ ओले केले. “एका दृष्टीने पाहिलं तर, आये...”

“दृष्टी ठेव बाजूला. हाय की न्हाय?”

सुलूच्या डोक्यात उजवं पान उघडलं आणि डावंही उघडलं, आणि दोन्हींवर काही लिहिलेलं नव्हतं. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि ते आईला पटेल इतकं चांगलं मांडताही आलं असतं.

“हाय,” ती म्हणाली.

आनंदीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच सुलूला सोसवेना.

“बरा जाला,” आनंदी म्हणाली. “आज दिसभरात येवढी एक गोष्ट तरी एका बाजूनं बोललीस.”

आणि ती पुढे चालू लागली.